बॅबीनच्या टेबलावरचा बटाटा

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, आमच्या कॉनमारात बटाट्याला ‘फाता’ म्हणतात, शाळेच्या पुस्तकात ‘प्राता’. माझी शेजारीण बॅबीन दर उन्हाळ्यात डब्लिनच्या आठ मुलींना आयरिश शिकायला घरी ठेवून घेते. तिच्या टेबलावर नियम एकच: ज्या घरात जेवता, त्या घरच्या शब्दात मागायचं.

यंदा अशी मुली ठेवणारी घरं तपासायला आलेले सरकारी साहेब नेमके जेवणाच्या वेळी टपकले. क्लोडा नावाच्या मुलीनं ‘फाती’ मागितले आणि साहेबांनी वही उघडून एक ओळ लिहिली.

“बाई, मुली चुकीचं शिकतायत. हे घर सरकारमान्य घरांच्या यादीत कसं ठेवू?”

बॅबीनचा चेहरा पडला. मुली गेल्या की ते घर तिला खायला उठतं. जीभ मात्र शाबूत होती.

“अहो, बटाटाच मुळी परदेशातनं आला, ‘पताता’ हे स्पॅनिश नाव घेऊन. तुमच्याकडे त्याला ‘र’ चिकटला, आमच्याकडे ‘प’चा ‘फ’ झाला. दोघंही पुल्लिंगी, अनेक झाले की दोघांच्याही शेवटी ‘ई’. सख्खे भाऊ ते! त्यातला चुकीचा कोणता?”

“पण पुस्तकात...”

“आधी जेवून घ्या.”

सालासकट उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं वाफाळत होतं, शेजारी लोण्याचा गोळा. साहेबांनी ‘प्राती’ मागितले. बॅबीन जागची हलली नाही. मुली खुसुखुसू हसायला लागल्या. साहेबांनी पातेल्याकडे पाहिलं, ताटली पुढे सरकवली.

“फाती,” ते पुटपुटले. “चार.”

निघताना त्यांनी वहीतली ओळ खोडली. बॅबीन दारातून म्हणाली, “पुढच्या वर्षीही भुकेलेच या हं, साहेब!”