बॉनेटला नाक, नाकाला भोक

एखाद्या दुकानात वर्षानुवर्षं बसलात ना, तर किस्से गोळा करावे लागत नाहीत. सीट कव्हरच्या गठ्ठ्यांमागे धूळ साठते तसे ते आपोआप साठतात. तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगतो, पण मध्येच उठून फेऱ्या मारायला लागलो तर रागावू नका. गेल्या वर्षी गणपती ते दसरा मी असाच येरझाऱ्या घालत होतो, तेव्हापासून बसून बोलायची सवयच मोडली!

नाना पेठेत आमचं कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान. पुढे काउंटर, मागे गाडी आत घ्यायला शेड. काउंटर माझा, शेड संज्याची. संज्या माझा पार्टनर, लोणी काळभोरचा, डिप्लोमा झालेला. मला बोलता येतं आणि त्याला काम येतं, एवढ्यावर आमचं दुकान चालतं.

भांडण एकाच गोष्टीवरून. बॉनेटवरचा स्कूप! बॉनेटला पुढे उघडं असं जे उंच नाक असतं ना, ते. टर्बो गाडीत इंजिनात हवा दाबून भरतात. दाबली की ती तापते, मग तिला गार करायला इंटरकूलर असतो. हा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर असेल तर बॉनेटच्या नाकातून त्याला वारा मिळतो. पण बहुतेक छोट्या गाड्यांत तो पुढे बंपरमागे असतो. तिथं बॉनेटवर नाक लावणं म्हणजे निव्वळ शोभा. डबल टेपनं चिकटवायचं आणि ‘वा, काय लुक आलाय!’ म्हणायचं.

मला त्यात काही गैर वाटत नाही. लोक मिशीला पीळ देतातच की, त्यानं काय ताकद वाढते? पण खोटं नाक बघितलं की संज्याच्या मस्तकात तिडीक जायची. "भोक नसेल तर मी लावणार नाही," म्हणायचा. आणि गणपतीच्या तोंडावर त्याला चाकणच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी ते फोन करणार होते, तेव्हा हो की नाही ते सांगायचं.

"तिथं निदान खोटी नाकं तरी चिकटवावी लागणार नाहीत!" संज्या म्हणाला.

 हा गेला तर शेडला कुलूप, आणि मी आपला एअर फ्रेशनर विकत बसणार. तेव्हापासून मला स्टुलावर टेकवेना.

*

पहिला आला हिंजवडीतला एक आयटीवाला. छोटी लाल टर्बो हॅचबॅक, जेमतेम महिन्याची.

"सर, स्कूप लावायचाय. अ‍ॅग्रेसिव्ह पाहिजे."

मी तीन-चार काढून दाखवणार, तेवढ्यात संज्या आतून आला. "बॉनेट उघडा," म्हणाला. उघडलं. "हा बघा, तुमचा इंटरकूलर इथं खाली, बंपरमागे. वर नाक लावलंत तर वारा कुणाला लागेल? बॅटरीला! तिला काय उकडतंय?"

"पण सर, लुक..."

"लुक पाहिजे तर आरशात बघा. नाक लावायचं तर खरं लावा. डक्ट करू, खालपर्यंत वारा नेऊ, एकदम फंक्शनल."

पोरगा बिचारा विचारात पडला. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. मग तो शांतपणे म्हणाला, "सर, मी रोज हिंजवडीला जातो. माझ्या बाजूनं लोक चालत पुढे जातात. खरं लावलं तरी वारा येणार कुठून?"

संज्यानं बॉनेट खाली केलं. तो आत गेला तो थेट जेवायलाच बाहेर आला. त्या गडबडीत मी खोटा स्कूप विकला, तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही!

*

दुसरे सदाशिव पेठेतले एक काका. बँकेतून रिटायर झालेले, इस्त्रीचा हाफ शर्ट, खिशाला पेन. त्यांच्या गाडीला कंपनीतूनच नाक आलेलं, पण आतून बंद. गाडी पुसताना काकांनी त्यात फडक्यासकट बोट घातलं आणि बोट प्लॅस्टिकवर आपटलं. तिथून संताप सुरू झाला.

"हे काय आहे?" त्यांनी मलाच विचारलं, जणू गाडी मीच बनवली होती.

"डिझाइन आहे काका."

"नाकपुडी बुजवून ठेवायची, हे कसलं डिझाइन? आपण हे उघडून द्या."

संज्यानं बॉनेट वर केलं आणि त्याचा चेहरा खुलला. काकांच्या गाडीत इंटरकूलर चक्क इंजिनाच्या डोक्यावर होता! कितीतरी महिन्यांनी कुणीतरी खरं नाक मागत होतं, आणि तेही योग्य गाडीला.

"काका, कापलं तर वॉरंटी जाईल हं," मी म्हणालो.

"माझी स्वतःची कधीच गेलीय. कापा!"

संज्या दिवसभर शीळ घालत होता. भोक पाडलं, कडा घासल्या, जाळी बसवली, आतून रबर लावलं. काका गाडी घेऊन गेले आणि मला वाटलं, चला, याचं मन आता दुकानात रमेल.

चार दिवसांनी विसर्जनाच्या आधीचा तो धो धो पाऊस आला. नाकातून पाणी आत गेलं, आणि काकांची गाडी लक्ष्मी रोडवर ऐन गर्दीत आचके देत बंद पडली. मागून हॉर्न, पुढून ढोल. दुसऱ्या दिवशी काका छत्रीसकट काउंटरवर.

"पावसाळा हा ऋतू आपल्या ऐकण्यात नाही का?"

"काका, भोक पाडा असं तुम्हीच म्हणालात," संज्या कसाबसा म्हणाला.

"मी नाक मागितलं होतं. सर्दी मागितली नव्हती!"

संज्यानं पाण्याला वेगळी वाट काढून दिली, गाडी नीट झाली. पण तो मात्र कोमेजला तो कोमेजलाच. मी बाहेर फुटपाथवर फेऱ्या मारत मनात म्हणत होतो, काका, थोडं गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं हो तुमचं!

*

मग आले मांजरीचे एक शेठ. तिकडं उसाच्या रानात प्लॉटिंग चालतं, त्यातले. गळ्यात चेन, बरोबर दोन मित्र. त्यांना नाकं दोन पाहिजे होती.

"दोन कशाला?" संज्यानं विचारलं.

"एक डावीकडं, एक उजवीकडं. एकच बसवलं तर गाडी तिरळी दिसंल."

"गाडी टर्बो आहे का पण?"

"हाय की! मागं लिहिलंय बघा."

संज्या मागं जाऊन बघून आला. लिहिलेलं होतं खरं. स्टिकर होता, आमच्याच दुकानातनं नेलेला!

संज्यानं माझ्याकडे असं काही बघितलं की मी हिशोबाच्या मशीनशी खेळायला लागलो. तो शेडमध्ये निघून गेला. मग मीच दोन्ही नाकं चिकटवली. आता हे काम माझं नाही. टेप लावण्याआधी बॉनेट स्पिरिटनं पुसायचं असतं, ते मी विसरलो. सोलापूर रोडला शेठनी गाडी हाणली आणि डावं नाक उडालं ते मागच्या टेम्पोत जाऊन पडलं. टेम्पोवाला भला माणूस, पाठलाग करून आणून दिलं त्यानं.

शेठ भांडायला येणार म्हणून मी चहा सांगून ठेवला. पण गडी खूष! "मिलिंदशेठ, वारं किती लागतंय ते तरी समजलं! आता दोन्ही पक्की बसवा."

मी हसलो. संज्या हसला नाही. "मिल्या, आपण हे काय करतोय रे?" एवढंच म्हणाला. मला त्याचं ते शांत बोलणं ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. रात्री बायको म्हणाली, "अहो, जेवताना तरी एका जागी बसा की!"

*

एक गिऱ्हाईक मात्र संज्याच्या बाजूनं होतं. कोथरूडच्या एक मॅडम, कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. त्यांच्या गाडीला संज्यानं उन्हाळ्यातच खरं नाक करून दिलं होतं आणि त्या भेटल्या की म्हणायच्या, "संजय, घाटात फरक पडतो हं!" या एका वाक्यावर तो आठवडाभर चालायचा. मी तर मनात ठरवलं होतं, दसऱ्याच्या आधी मॅडमना एकदा फोन करून दुकानात बोलवायचं आणि संज्याचं कौतुक करायला सांगायचं.

बोलवावं लागलं नाही. दसरा झाल्यावर त्या स्वतःच आल्या. गाडी दारात उभी राहिली आणि गल्लीभर वास सुटला. उकडलेल्या झेंडूचा!

झालं असं, की दसऱ्याला गाडीची पूजा सासूबाईंनी केली. झेंडूचा हार बॉनेटवरून सारखा घसरायचा. यंदा अडकवायला आयती जागा मिळाली. त्यांनी हाराचं टोक नाकात खोचलं, वर हळद-कुंकू, अक्षता. जाळीतून जेवढं जाईल तेवढं सगळं आत गेलं आणि इंटरकूलरच्या पट्ट्यांत जाऊन बसलं. मग मॅडम त्याच गाडीनं सिंहगडाकडे जाऊन आल्या.

संज्या दुपारभर चिमटा घेऊन पाकळ्या काढत होता. एकेक पाकळी, एकेक तांदूळ. मॅडम बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, "सासूबाई म्हणतात, यंदा गाडीनं नैवेद्य घेतला!"

संज्यानं चिमटा खाली ठेवला. "खोटं लावलं तर लाज वाटते, खरं लावलं तर हे! मिल्या, सोमवारी मी हो म्हणणार आहे."

  शनिवार-रविवार मी घरात नुसता इकडून तिकडे फिरलो.

*

सोमवार. सकाळी दुकान उघडलं, संज्या फोन समोर ठेवून काउंटरवर बसला. आणि दारात एक नवी कोरी पांढरी छोटी टर्बो येऊन थांबली. सीटचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. आतून उतरले संज्याचे वडील, अण्णा. पांढरी टोपी, धोतर, पायात करकरीत चपला. दुकान काढल्यापासून त्यांनी कधी उंबऱ्याला पाय लावला नव्हता. पोरानं नोकरी सोडून गाड्यांखाली लोळावं, हे त्यांना पटलेलंच नव्हतं.

 मी मनात म्हटलं, झालं, पोराला चाकणला पोचवायलाच आले.

"दसऱ्याला घेतली," अण्णा म्हणाले. "तुझी आई सांगत हुती, कंपनीत चाललास म्हणं."

"आज फोन येणार हाय," संज्या म्हणाला. घरच्या माणसाशी तो गावचंच बोलतो.

"बरं." अण्णांनी भिंतीवरचे स्कूप एकेक करून बघितले. "ह्यातलं एक बसव गाडीला."

संज्यानं बॉनेट उघडलं, बघितलं, बंद केलं. "अण्णा, तुमच्या गाडीचं गार करायचं यंत्र म्होरं हाय, खाली. ह्याच्यातनं वारं जाणार न्हाई. नुस्तं दिसाया हुईल."

"दिसायाच पायजे." अण्णांनी टोपी सारखी केली. "गावात इचारत्यात, पोरगं पुण्यात काय करतंय. आजवर कंपनीत हाय म्हणून सांगत आलो. आता कुणी इचारलं तर ह्याच्यावर हात ठिवीन आन् सांगीन, हे माझ्या पोरानं बसवलंय."

 गणपतीपासून पहिल्यांदाच मी जागच्या जागी उभा होतो.

संज्यानं भिंतीवरून एक स्कूप काढला.

"त्यो नको," अण्णा म्हणाले. "मोठा काढ."

संज्यानं सगळ्यात मोठा काढला, फडक्यानं पुसला. "अण्णा, ह्याला सांज हुईल. थांबताय का?"

टेपनं स्कूप चिकटवायला दहा मिनिटं लागतात. मी सांगायला तोंड उघडलं, "अण्णा, चहा होईपर्यंत..." तर संज्यानं माझ्या पायावर बूट ठेवला आणि दाबला.

"थांबतो की," अण्णा म्हणाले. माझं स्टूल त्यांनी ओढलं आणि शेडच्या तोंडाशी, नीट दिसेल असं मांडून बसले.

काउंटरवर फोन वाजायला लागला. कंपनीचाच. संज्यानं हातात स्पिरिटची बाटली घेतली होती. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"मिल्या, तूच घे. सांग त्यांना, मोठं काम आलंय."