मंजुषाचं लायसन

मंजुषाच्या पोटात दुखायला फार मोठं कारण लागत नाही. शेजारणीच्या कोंबडीनं चार अंडी जास्त दिली तरी तिचं तोंड उतरतं. पण जावेच्या बाबतीत तिचा जो जळफळाट झाला, त्याला तोड नाही. मी तिच्या समोरच्याच घरात राहते, तेव्हा हे ऐकीव नाही.

मंजुषा गडचिरोलीकडची. माहेरी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. लग्न होऊन पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात आली तेव्हा सासरी होते नवरा धनराज, सासू गुणाबाई, धाकटा दीर भूपेश आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. चिखलात रोपं लावायचा रोवणा, निंदण, कापणी सगळं तिनं केलं. पण नवऱ्याच्या मागे लागून घरच्या धानाच्या पैशांतून एक कॉम्प्युटरही घ्यायला लावला. पडवीत टेबल मांडलं आणि गावाचे पीकविम्याचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देऊ लागली.

त्या कॉम्प्युटरमध्ये आधी कुणीतरी फुकटची, नकली विंडोज टाकून दिली होती. ती ऐन गर्दीत दगा द्यायची. मग मंजुषानं चंद्रपूरहून विंडोजचं असली लायसन आणलं, डब्यातलं, बिलासकट. दसऱ्याला तिनं त्या डब्यालाही हळदकुंकू वाहिलं. ‘आपल्याकडे असली आहे’ हे येईल त्याला ऐकवायचं, आणि वर सांगायचं, मशीन उद्या जुनी झाली तरी हे लायसन काढून दुसऱ्या मशीनमध्ये बसवता येतं. लोकांना ओ की ठो कळत नव्हतं, पण ते माना डोलवायचे. बायका तिला कॉम्प्युटरवाली बाई म्हणायच्या. या एका नावावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

मग भूपेशचं लग्न झालं आणि डिंपल आली. चंद्रपूरची, गोरीपान, नखांना रंग. गुणाबाईंनी तिला रोवण्याला नेलंच नाही. मंजुषा माझ्याजवळ येऊन धुसफुसायची, “मले काय पाळण्यातच चिखलाची सवय होती?” भूपेश बायकोला मोटारसायकलवर बसवून बाजाराला न्यायचा. धनराजनं मंजुषाला मोटारसायकलवर बसवलं ते फक्त दवाखान्यात जायला. सासूला चहा हवा तो डिंपलच्याच हातचा. “तेच दूध, तेच पत्ती, तेच साखर! तिच्या बोटात का गूळ आहे?” असं म्हणताना मंजुषाच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. मी समजूत घालायला गेले की माझ्यावरच उखडायची.

एका घरात दोघींचं जमेना, तेव्हा दोन चुली मांडायचं ठरलं. वाटणीला गावातले वामनराव अंगणात येऊन बसले. बांध्या झाल्या, बैल झाले, भांडी झाली. कॉम्प्युटर मंजुषाकडे, यावर कुणी हूं की चूं केलं नाही. तेवढ्यात डिंपल दारातून म्हणाली, “मशीन राहू द्या बाईले. पण लायसन आमाले पाह्यजे. माह्या भावानं मले नवा कॉम्प्युटर देल्ला आहे.”

मंजुषाच्या अंगाचा तिळपापड झाला. “लायसन का असं येगळं निंघते?” तिनं विचारलं.

“निंघते ना वयनी,” भूपेश म्हणाला. “तुमीच त साऱ्या गावाले सांगतलं.”

वामनरावांनी जराही विचार केला नाही. आमच्याकडे शेत एका भावाचं आणि त्याच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, मोहाचं झाड दुसऱ्या भावाचं, अशी वाटणी होतेच. मोह गळायला लागले की तो भाऊ येऊन दुसऱ्याच्या शेतातून फुलं वेचून नेतो आणि शेतवाला बघत राहतो. वामनराव म्हणाले, “मंग झालं. मशीन मोठ्याची, लायसन धाकट्याचं. अन् मंजुषाच बसवून देईल.”

मंजुषा त्या दिवशी जेवली नाही. लायसन एका वेळी एकाच मशीनमध्ये राहतं. डिंपलच्यात टाकायचं तर आधी आपल्यातून काढायला हवं. तिनं ते काढलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केली, तर पडद्याच्या कोपऱ्यात पुसट अक्षरं उगवली, की ही विंडोज अजून ॲक्टिव्हेट केलेली नाही. माऊस कुठंही न्या, अक्षरं हलायला तयार नाहीत. मी बघायला गेले होते. “आता गिऱ्हाईक म्हणन, कॉम्प्युटरवाल्या बाईचा कॉम्प्युटर नकली,” ती म्हणाली. “अन् ते तिकडे असलीवाली होऊन बसन. गोरी त आहेच.”

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती डिंपलच्या अर्ध्या घरात गेली. वाटणीनंतर पहिल्यांदाच. पुढचं तिनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथं नव्हते हे मला आठवून घ्यावं लागतं.

डिंपलचा कॉम्प्युटर नवाकोरा, पडद्यावर ताडोबाचा वाघ. तो बघूनही मंजुषा जळली. तिनं सेटिंग उघडलं, लायसनचा नंबर टाकायची जागा शोधली आणि थबकली. तिथं स्वच्छ लिहिलं होतं की या मशीनला लायसन आहे. नवा कॉम्प्युटर दुकानातून आला तोच आपलं लायसन घेऊन.

“डिंपल, याच्यात त आहे लायसन.”

“माहीत आहे,” डिंपल म्हणाली. “भावानं सांगतलं होतं.”

“मंग माह्यावालं काऊन मागतलं वो?”

डिंपल एकदम फुटली. “आल्यापासून एकच आयकून राह्यली, बाई. मंजुषाले इचारा, मंजुषाले येते, मंजुषानं केलं. भूपेश बी तेच, गाव बी तेच. सासूबाई मले रोवण्याले नेत नाई, तुमाले वाट्टे लाड आहे. पण ते म्हणते, हिले काई जमत नाई, मंजुषाच्या मांगं हिचा हात लागला त धान वाकडं होईन. चहा तेवढा मांगते, काऊन का दुसरं काई मले येतच नाई म्हणते. तुमचं एक तरी काई माह्याकडे यावं, असं वाटलं. घेऊन जा परत. मले नाई पाह्यजे.”

दुसरी कुणी असती तर विरघळली असती, जावेला जवळ घेतलं असतं. मंजुषाला कीव वगैरे काही आली नाही. तिला आनंद झाला. इतका, की हसू लपवायला तिला तोंड फिरवावं लागलं. इतके दिवस ती या पोरीवर जळत होती आणि ही पोरगी पलीकडे बसून तिच्यावर जळत होती! आणि सासू, जिनं तोंडावर कधी बरा शब्द काढला नाही, ती पाठीमागे असं बोलत होती.

तिनं आधी लायसनचा डबा स्वतःच्या पिशवीत टाकला. मग खुर्ची ओढून ऐसपैस बसली.

“चहा टाक,” ती डिंपलला म्हणाली. “अन् सुरुवातीपासून सांग. सासूबाई अजून काय काय म्हणते माह्याबद्दल?”