पायरीपलीकडचा पेटीचरखा

पुण्याहून तीन वेळा हात हलवत परतलो, आणि शेवटी पेटीचरखा दिसला तो लोणावळ्यात. तोही नेमका त्या दुकानात, ज्याच्या पायरीवरून गेले बारा दिवस मी गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवत होतो.

कायदेभंगाची वर्षं होती ती. बाजारपेठेतलं ते सगळ्यात मोठं दुकान. विलायती कापड, मोजे, साबण, अत्तरं. गिऱ्हाईक बहुतेक बंगल्यांतून हवा खायला आलेलं मुंबईकर. आम्ही पाच-सहा जण पाळीपाळीनं पायरीशी उभे राहायचो. रीत ठरलेली होती. आधी हात जोडायचे, आत जाऊ नका म्हणून विनवायचं, आणि तरीही कोणी निघालंच तर पायरीवर आडवं व्हायचं. माणसाच्या अंगावरून जायला बहुतेकांचा पाय उचलत नसे.

त्या सकाळी शेठच्या नोकरानं काचेच्या कपाटात रेशमी रुमालांशेजारी एक लाकडी पेटी उघडून ठेवली. जाड पुस्तकाएवढी. आत एक मोठं चाक, एक लहान, त्यांवरून गेलेली दोरीची माळ आणि सूत गुंडाळायची लोखंडी चाती. मी बघतच राहिलो आणि एक बाई माझ्या समोरून आत निघून गेल्या.

पेटीचरखा तेव्हा नुकताच निघाला होता. तुरुंगाच्या कोठडीत मावावा म्हणून तो घडवला, असं सांगत. मिटला की बगलेत मारून कुठंही न्यावा. पुण्याच्या खादीच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा कालच संपले म्हणाले, दुसऱ्यांदा नाव लिहून घेतलं, तिसऱ्यांदा मला दारात पाहूनच तिथल्या माणसानं मान हलवली.

मला तो माझ्यासाठी नको होता. माझ्याकडं मोठा चरखा होता, आणि खरं सांगायचं तर माझं सूत हातभर निघेपर्यंत दोनदा तुटायचं. सूत काढावं ते अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. आमच्या घरात पोथ्या कमी आणि पत्रकं जास्त. वडील छापखान्यात कागदांना घड्या घालायचे आणि बिघडलेली पत्रकं घरी आणायचे. त्यांवरच आम्ही दोघं अक्षरं शिकलो. पुढं मी शाळेत गेलो आणि अक्का परंदवडीला सून म्हणून गेली. सासरे गावचे पोलीस पाटील. ओटीवर फौजदार येऊन चहा पिणार, त्या घरात चरखा कुठं मांडायचा? ती चोरून टकळी फिरवायची. पण तिला स्वतःच्या सुताचं एक लुगडं नेसायचं होतं, आणि टकळीवर तेवढं सूत व्हायला जन्म गेला असता. पेटी असती तर धान्याच्या कणग्यांमागं सहज राहिली असती. तिनं लग्नानंतर माझ्याकडं मागितलेली ती पहिली वस्तू.

आणि ती माझ्यापासून चार हातांवर होती.

मधे माझंच एक वाक्य आडवं पडलं होतं. आमचं पत्रक मी लिहिलं होतं. त्यात होतं, 'या दुकानातून खादीचा रुमाल घेतला तरी तो विलायती कापडाच्या गाठींनाच हातभार आहे.' त्या वाक्याचा मला फार अभिमान होता. शेठनं ते पत्रक आतून काचेला चिकटवलं होतं, गंमत म्हणून.

दुपारी ते दारात आले. माझी नजर त्यांनी टिपली होती.

"आत या की," ते म्हणाले. "स्वदेशी माल आहे, तुमच्याच लोकांनी काढलेला. मुंबईच्या बायकांना हवा असतो म्हणून दोन मागवले. एक गेला."

मी म्हणालो, विलायती गाठी सीलबंद करा, सगळ्यांच्या आधी मी पायरी चढतो.

"एका चरख्यासाठी?" ते हसले. त्या हसण्यात खोट नव्हती, म्हणून तर मला जास्त झोंबलं.

माझा एक सोबती होता, टांगेवाल्याचा मुलगा. तो म्हणाला, माझ्या चाचांना पाठवतो, ते काही स्वयंसेवक नाहीत. मी त्याच्यावर डाफरलो. दुसऱ्याच्या पायांनी पायरी चढायची आणि आपले पाय स्वच्छ म्हणायचं, हे मला जमणार नव्हतं. पण त्यानंतर मला एका जागी उभं राहवेना. बंगल्याकडून टांगा आला की मी पायरीच्या मधोमध येऊन उभा राहायचो. कोणी काचेकडं बघितलं की मी पुढं धावायचो. त्या दोन दिवसांत माझ्याइतकं कळवळून कोणी विनवलं नसेल. सोबत्यांनी माझी पाठ थोपटली. मी देशाचं काम करत होतो की पेटी राखत होतो, हे मात्र कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

रविवारी परंदवडीला गेलो. अक्का मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. मी नेम मोडला नाही, याचं ती कौतुक करील असं मला वाटत होतं.

"अजून हाय न्हवं तितं?" तिनं एवढंच विचारलं.

"आहे. पण मी घेणार नाही."

"तू नगं घेऊ," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

बुधवारी ती लोणावळ्याला आली. सोबत शेजारच्या, तिच्या विश्वासातल्या मावशी. सासऱ्यांनीच पाठवलं होतं. आम्ही अडवलेल्या दुकानातून आपल्या सुनेनं उजळ माथ्यानं कापड आणलं, हे फौजदाराच्या कानावर जावं, अशी त्यांची हौस. पाळी माझी होती. दोघी जवळ आल्या, मी हात जोडले आणि रोजच्या सवयीनं तोंडातून निघालं, "बाई, आत जाऊ नका."

"भणीलाच बाई म्हनाया लागला व्हय रं?" मावशी म्हणाल्या. बघे हसले.

अक्का थांबली नाही. मग मी आडवा झालो.

आमच्याकडं निजलेल्या लेकरालाही कोणी ओलांडत नाही. चुकून ओलांडलं तर उलटं ओलांडून घेतात, नाहीतर त्याची वाढ खुंटते म्हणतात. हे मला त्या क्षणी आठवलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. मला ते ठाऊक होतं, आणि त्याच भरवशावर मी आडवा झालो होतो.

ती माझ्या उशाशी पायरीवर बसली. भर बाजारात, पोलीस पाटलाची सून.

"पत्रक तुजं हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "लुगडं माजं हाय. मी तुला वलांडनार न्हाई. तू उटंस्तवर हितंच बसते."

माझ्या पाठीला दगडाची कड रुतत होती. वर शेठ उभे होते, आणि आज ते हसत नव्हते. एक टांगा थांबला, आतल्या बाईंनी आम्हाला पाहून तो पुढं न्यायला सांगितला. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मला कोणी उठवलं नाही. मीच उठलो आणि बाजूला झालो.

ती आत गेली, आणि कागदात गुंडाळलेली पेटी घेऊन बाहेर आली. दुसरं काही घेतलं नव्हतं.

"कापडाचं काय सांगशील?" मी विचारलं.

"मनाजोगतं न्हवतं, म्हनून सांगन."

स्टेशनपर्यंत पेटी मी नेली. छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला आणि हातात त्या दुकानाचा कागद. सबंध बाजार बघत होता. पेटी कधी उजव्या हातात घ्यायचो, कधी डाव्या, कोणत्याच हातात ती बसेना. गाडी आल्यावर मी ती खिडकीतून आत दिली आणि बिल्ल्याला हात घातला.

"काढू नगं," अक्का म्हणाली. "तुजी पाळी हाय न्हवं अजून?"

मी पायरीशी परतलो. कपाटात पेटीच्या जागी रुमाल पसरले होते. थोड्या वेळानं एक गृहस्थ आले. मी हात जोडले, विनवलं, ते तरीही निघाले. त्या दिवशी मी आडवा झालो नाही.