अपेंडिक्स लिहा म्हणाले

"पोरीची जात आन् नशा? मामा, जरा हळू बोला की."

लातूरच्या एका खासगी दवाखान्यात सरकारी विम्याच्या टेबलावरचा माणूस माझ्या वडिलांना, अण्णांना, असं म्हणाला. स्वतः मात्र इतक्या मोठ्यानं, की मागची अख्खी रांग माझ्याकडं बघायला लागली. मी एकोणीस वर्षांची. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

उदगीरहून मी डॉक्टर व्हायला लातूरला आले होते. क्लास, टेस्ट, परत क्लास. झोप उडाली. खोलीतल्या मुलीनं झोपेची गोळी दिली. एकीच्या चार झाल्या, चारांच्या दहा. नाही मिळाली की अंग थरथरायचं, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. सोडायच्या होत्या मला. डॉक्टर म्हणाले, भरती व्हावं लागेल, एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल. म्हणून अण्णा विम्याचं कार्ड घेऊन आले होते.

त्या माणसानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "व्यसन बसत न्हाई हितं. अपेंडिक्स बसतंय." मग पुढं वाकला. "तेच लिहितो, मामा. पोट दुखतंय म्हणायचं. दोन-चार टाके पडतील. पडल्या पडल्या गोळ्या बी सुटतील. लग्नात कुणी इचारणार न्हाई."

मला आधी हसूच आलं. मग अण्णांकडं बघितलं. ते विचार करत होते. माझ्या पायात काटा गेला तरी कासावीस होणारा हा माणूस! त्यांनी पेन हातात घेतला. नशा करणाऱ्या पोरीपेक्षा पोट कापलेली पोर त्यांना चालणार होती. संताप आला. त्यांचा आला, त्या माणसाचा आला. आणि माझाही, कारण क्षणभर मलाही ते बरं वाटलं होतं.

"अण्णा, माझं पोट दुखत न्हाई." रांगेला ऐकू जाईल असं बोलले. "गोळ्या खाते मी. झोपेच्या. तेच लिहा. बसत नसंल तर तसं लिहून द्या, सही-शिक्क्यासकट."

"लेखी देत न्हाईत आमी."

"मग मी हितून हालत न्हाई."

तासाभरानं कागद मिळाला. एकच ओळ, नकाराची. अण्णा बसस्टँडपर्यंत माझ्या पुढं पुढं चालत राहिले.

उद्या नांदेडच्या सरकारी दवाखान्यात जाणार आहे. अण्णा आले तर त्यांच्यासोबत, नाही तर एकटी. खाट नाही म्हणाले तर तेही लिहून मागणार. मग ते कागद घेऊन कलेक्टर कचेरी. मला बरं व्हायचंय, आणि माझ्याच आजारातून बरं व्हायचंय. खोट्या आजारासाठी पोट कापून देणार नाही.