सांडव्यावरचे कंडक्टर

पाण्याला माझ्या मोठ्या साडभाऊंइतका भिणारा, आणि तरीही पाण्याचा काठ न सोडणारा दुसरा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. लाखांदूरच्या एसटीत त्यांनी जन्मभर कंडक्टरकी केली आणि निवृत्त होताच दिघोरीजवळच्या तलावाला ते आपली गाडीच समजू लागले. रविवारी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सहलीची गर्दी जमली, की चपला फटफट वाजवत यांच्या येरझाऱ्या सुरू. "मांगं सरका! मांगं जागा हाये!" लोक सवयीने सरकतही. एका आजोबांनी तर तिकिटासाठी खिशात हात घातलेला मी पाहिला आहे. अनोळखी पोरगा दिसला की आधी "जय भीम" आणि त्याच दमात, "पोहता येते का तुले?" यांना स्वतःला मात्र पोहता येत नव्हते. कोणी तसे म्हटले तर उसळून सांगायचे, "मले येत नाही म्हणूनच विचारून राहिलो ना! ज्याले येते तो कायले विचारन?"

यांच्याबरोबर सहलीला जाणे म्हणजे शिक्षाच. एका पावसाळ्याच्या शेवटी आम्ही दोन्ही घरची माणसे तिथे निखाऱ्यांवर रोडगे भाजायला गेलो. पहिल्या जागेखाली यांना गाळ दिसला, दुसरी उतारावर निघाली आणि तिसऱ्या जागेवरून सांडव्यावरची माणसे नजरेत येत नव्हती. चुलीचे दगड प्रत्येक वेळी मी वाहिले. शेवटी सांडव्याशेजारी सतरंजी पडली, तोवर कणीक सुकून गेली होती. "लग्नाच्या मांडवातई हा माणूस दोनदा उठून विहिरीवर झाकण हाये का पाहून आला होता," ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या थोरल्या मेहुणी, वांग्याची भाजी ढवळत म्हणाल्या.

तेवढ्यात हे उठलेच. नवे लग्न झालेले एक जोडपे आले होते आणि नवरा सांडव्याच्या वाहत्या काठावर उभा राहून मोबाइलमध्ये स्वतःचा व्हिडिओ काढत होता.

"भाऊ, शेवाळ हाये तिथं. सरक मांगं."

"काका, तलाव तुमच्या बापाचा हाये का?"

साडभाऊ परत आले. चेहरा उतरलेला. पानावर बसले, पण घास हातातच राहिला. "तुम्ही जेवा भाऊ," मला म्हणाले, "पण त्याच्यावर डोळा ठेवा." मी वैतागून मान डोलावली आणि रोडगा फोडला, तोच त्या पोरीची किंकाळी आली. पोरगा घसरून सांडव्याखालच्या डोहात पडला होता. हात वर येत होता, परत बुडत होता. काठावरच्या चार जणांनी मोबाइल काढले. साडभाऊंनी आमच्याखालची सतरंजी ओढली. वांग्याची भाजी माझ्या मांडीवर. ते धावत गेले, काठावर पालथे झोपले आणि ओरडले, "पाय धरा माहे!" मी दोन्ही पाय घट्ट धरले आणि त्यांनी सतरंजी पोराकडे फेकली. "धर बावा! दोनी हातानं धर, सोडू नको!" दुसऱ्या फेकीला त्याने सतरंजीचे टोक पकडले. मग इतरही धावले आणि आम्ही त्याला ओढून काढले.

पोरगा पाणी ओकत होता, त्याची बायको हमसून रडत होती. आता हे त्याला फाडून खाणार, म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून उभे. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्याचे डोके पुसले आणि हळूच विचारले, "घरी कोन कोन हाये तुह्या?" नंतर ताईंनी दिलेला चहाही त्यांनी त्यालाच पाजला.

त्यानंतर ग्रामपंचायतीला त्यांनी इतके छळले, की सांडव्यावर लोखंडी कठडा आला आणि पाटीही लागली. पाटीवर हल्ली बाया कपडे वाळवतात. साडभाऊ आता गुडघ्यांपायी नागपूरला मुलाकडे असतात.

गेल्या दिवाळीत आले, तेव्हा मला तलावावर घेऊन गेले. घाटावर चिटपाखरू नव्हते. त्यांनी चपला काढल्या, पायजमा वर दुमडला आणि खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. इतक्या वर्षांत मी त्यांना आपणहून पाण्यात पाय घालताना कधी पाहिले नव्हते.

"धरून ठेवजा भाऊ मले."

मी खांदा धरला. ते पाण्याकडे बघत राहिले.

"लोकायवर उगाच नाही ओरडलो मी," ते म्हणाले. "पण इतकं बरं वाटते, हे काही मालूम नव्हतं."

ऊन कलले. मीच दोनदा म्हटले, "चला आता." त्यांना उठायची घाई नव्हती.