कार्यमुक्तीचा हुकूम

अण्णांनी पहिल्यांदा अंगणात पाणी ओतलं, त्याच्या आदल्या दिवशीच आमच्या गल्लीत टँकर येऊन गेला होता. म्हणजे पुढचे नऊ-दहा दिवस त्याच पाण्यावर काढायचे होते. मी आत भाकरी थापत होते. बाहेरून ओल्या मातीचा वास आला आणि, खोटं कशाला बोलू, घटकाभर बरं वाटलं. मग लख्ख ध्यानात आलं. पिठाच्या हातानं धावत गेले, तर निळा ड्रम निम्मा झालेला आणि अण्णा पायजम्याचे पाय दुमडून तांब्या तांब्यानं सडा टाकत होते.

"अण्णा, काय करून राहिले हे?" मी ओरडलेच.

"साहेब येऊन राहिले ना, माय," ते शांतपणे म्हणाले. "जीप आली की लई धूळ उडती. सगळी बस्त्यावर बसती."

शेजारीण कुंपणावरून बघत होती. तिच्याकडं ड्रम नव्हता, टँकरचं पाणी चार हंड्यांत काय मावलं तेवढंच होतं. तिनं ड्रमाकडं एकदा पाहिलं आणि ती आत गेली, तेच मला जास्त लागलं.

हे साहेब तेहतीस वर्षांपूर्वी येऊन गेले होते. अण्णा, माझे वडील, अहमदपूरच्या तहसीलमध्ये अव्वल कारकून होते, आणि नोकरीतला बराच काळ रेकॉर्ड रूममध्ये गेला. उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या तालुक्याचं जुनं दप्तर तिकडून आणायचं काम त्यांच्याकडं आलं. लाल कापडात बांधलेले कागदांचे बस्ते, त्यातले कितीतरी निजामाच्या वेळचे, उर्दूतले. ते ट्रकमध्ये भरताना अण्णा स्वतः मागं बस्त्यांवर बसून आले होते. पुढच्या उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याचे साहेब दप्तर तपासायला आले, त्या सकाळी अण्णांनी कचेरीपुढं आपल्या हातानं सडा टाकला. साहेबांनी वहीत 'उत्तम' असा शेरा मारला. तो शेरा आमच्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला की आई भाजी वाढताना विचारायची, "ह्याला काय शेरा द्यायचा साहेब?"

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अण्णा ते विसरले होते. पुण्याचा भाऊ फोनवर आला की ते त्याला "कोणत्या गावचे?" म्हणून विचारायचे. नांदेडच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असा शब्द सांगितला, गोळ्या लिहून दिल्या आणि "सांभाळा" म्हणाले. सांभाळा म्हणजे नेमकं काय करा, ते काही चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

पण मला ते ओळखत होते. मी पन्नाशीला आलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवणारी बाई, आणि त्यांच्या डोक्यातली माय चौथीत शिकणारी. दोघी तिथं एकाच वेळी कशा मावत होत्या, देव जाणे. संध्याकाळी मी दारात आले की विचारायचे, "आलीस का गं माय शाळेतून? जेवलीस का?" आणि मी खरंच शाळेतूनच आलेली असायचे. साल चुकलं, गाव चुकलं, पण माय चुकली नाही. तेवढं राहावं, बाकी सगळं गेलं तरी चालेल, असं मी रोज मनात म्हणायचे. त्या एका हाकेवर माझं सगळं चाललं होतं.

मी शाळेत गेले की अण्णांजवळ चाचा बसायचे. चाचा म्हणजे अण्णांच्या रेकॉर्ड रूमचे जुने पट्टेवाले. उस्मानाबादच्या त्या ट्रकमध्येही ते होते. त्यांचा मुलगा बाजारात शिलाईचं दुकान चालवायचा आणि हे दिवसभर रिकामे. "घरात बसून तरी काय करायचं, बेटी," म्हणत स्वतःच यायला लागले. दोघं मिळून घरातलं सगळं बांधायचे. आईच्या साड्या, माझ्या तपासायच्या वह्या, चादरी, सगळ्यांचे बस्ते, वर कागदाची चिठ्ठी. एकदा मी शाळेत निघाले आणि निकालाचे कागद सापडेनात. ते 'जळकोट, किरकोळ' या बस्त्यात निघाले.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी लातूरला जायचे. तिथं अशा घरांसाठी एक छोटी संस्था होती. संस्था म्हणजे एक ताई, चार मदतनीस आणि बंद पडलेल्या शिकवणीचा एक वर्ग. ताई निवृत्त नर्स होत्या, त्यांचे यजमान याच आजारात गेले होते. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, म्हणून ज्यानं त्यानं आपापली बाटली आणायची असा नियम होता. फळ्यापुढं गोल बसायचं आणि खोट्याची फेरी करायची. या महिन्यात आपल्या माणसाशी काय खोटं बोललो, ते प्रत्येकानं सांगायचं. ताईंचं म्हणणं असं, की त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांच्या सालात आपण जावं, आणि त्यासाठी बोललेल्या खोट्याची लाज वाटून घेऊ नये. भोकरचे एक गृहस्थ आईला रोज सांगायचे, "बाबा बाजाराला गेलेत, येतीलच." बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. हे सांगताना ते दर वेळी हसायचे आणि दर वेळी रुमाल काढायचे.

त्या शनिवारी चाचा माझ्याबरोबर आले होते. अण्णांना भावजय सांभाळत होती, चार दिवसांसाठी आलेली आणि दुसऱ्याच दिवसापासून परतीच्या गाडीची चौकशी करणारी. मी सड्याचं सांगितलं. तोवर अण्णांनी तीनदा ड्रम रिकामा केला होता. झाकणाला कुलूप लावलं, तर त्यावर डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. रिकामा तांब्या दिला, तर मलाच म्हणाले, "माय, पाणी कुठं हाय?" शेजारच्यांकडं मागायला तोंड राहिलं नव्हतं. त्यांनाच हातपाय धुवायला पाणी पुरत नव्हतं. मला काही सुचेना झालं होतं, आणि ते मी सगळ्यांपुढं रडून सांगितलं.

तेव्हा चाचा बोलले. "बेटी, कारकुनाला घरच्यानं सांगून जमत न्हाई. हुकूम लागतो. त्यांना कार्यमुक्त केल्याचा हुकूम द्या. काम संपलं, मग सडा कशाला टाकतील?"

सगळ्यांना ते पटलं. मला तर इतकं पटलं की रडता रडता हसू आलं. ताईंना तेवढं पटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बाई, काम काढून घेतलं तर माणूस कशाला धरून राहील, याचा विचार करा."

मी फटकन म्हणाले, "ताई, तुमच्याकडं नळ असेल. आमच्याकडं ड्रम हाय."

त्यांच्याकडंही नळ कोरडाच होता, हे मला ठाऊक होतं. तरी बोलले. ताईंनी संस्थेचा गोल शिक्का माझ्यापुढं ठेवला.

मजकूर चाचांनी सांगितला. तीस वर्षं असले कागद टेबलाटेबलावर पोचवून त्यांना तो पाठ होता. मी चांगल्या अक्षरात लिहून काढला, खाली शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि त्यांनी कागद अण्णांना दोन्ही हातांनी दिला. अण्णा उभे राहिले. चष्मा पुसून त्यांनी तो दोनदा वाचला.

मग म्हणाले, "चार्ज कुणाला द्यायचा?"

हे आम्ही कुणीच धरलं नव्हतं. मी कारकुनाची मुलगी, चाचा कचेरीत म्हातारे झालेले. चार्ज दिल्याशिवाय माणूस सुटत नाही, हे दोघांच्याही ध्यानात यायला हवं होतं. चाचा गडबडले. खोलीत तिसरं माणूस मीच होते. ते माझ्याकडं हात करून म्हणाले, "ह्या नव्या मॅडम आल्यात ना. ह्यांना."

आणि मी काय केलं? मी पदर सावरून ताठ उभी राहिले. त्यांच्या सालात जायचं, असं शिकले होते ना. गेले.

अण्णांनी तीन दिवस चार्जची यादी केली. अक्षर वाकडं, पण रकाने सरळ. ड्रम दोन. तांब्या एक. बस्ते एकवीस. कपाट एक, किल्लीसह. त्या तीन दिवसांत त्यांनी एक थेंब सांडला नाही, आणि मी सगळ्यांना फोन करून सांगत होते की हुकूम लागू पडला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं, एकेक वस्तू दाखवली, एकेक खूण केली. शेवटी 'चार्ज देणार' लिहून सही केली आणि पेन माझ्याकडं दिलं.

"मॅडम, एक राहिलं," ते म्हणाले. "घरात एक पोरगी हाय. माय म्हणतो मी तिला. यादीत न्हाई घेतली, ती काय यादीत घ्यायची गोष्ट न्हाई. पण तिच्याकडं बघा. शाळेतून आली की तिला भूक लागती."

मी म्हणाले, "अण्णा, मीच माय."

ते नव्या माणसाकडं बघून हसतात तसे अदबीनं हसले आणि यादी माझ्याकडं सरकवली. मी सही केली. का केली, ते मला आजही सांगता येत नाही. समोर पेन होतं आणि ते वाट बघत होते.

त्या दिवसापासून ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पाहुण्यासारखे बसायला लागले. चहा दिला की "कशाला त्रास, मॅडम," म्हणायचे. ड्रम भरलेला राहायचा. तो भरलेला ड्रम बघून मला इतका राग यायचा, की एकदा मीच त्याला लाथ मारली.

पुढच्या महिन्यात खोट्याच्या फेरीत माझी पाळी आली तेव्हा मी चाचांकडं पाहिलं. चाचांनीच खाली मान घालून सगळं सांगितलं. ताईंनी "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी मला दिलं.

चाचांनी मग आदेश रद्द केल्याचा दुसरा हुकूम लिहून आणला, त्यावरही शिक्का घेतला. अण्णांनी तोही दोनदा वाचला. घडी घालून परत दिला. "चार्ज झाल्यावर रद्द होत न्हाई," ते चाचांना समजावणीच्या सुरात म्हणाले. "सह्या झाल्यात." चाचा ओट्यावर जाऊन बराच वेळ बसले. त्यानंतर ते रोज यायचे, पण आमच्या घरी पुन्हा एकही बस्ता बांधला गेला नाही.

पाऊस लांबला, पण आला. ड्रम, बादल्या, हंडे, घरातलं सगळं भरलं. उघडीप पडली आणि अंगण वाळलं, त्या सकाळी मी तांब्या काठोकाठ भरून अण्णांच्या हातात दिला. मीच म्हणाले, "साहेब येऊन राहिले. धूळ उडंल."

त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. त्यात वाकून पाहिलं. मग त्यांनी तो एक थेंबही न सांडता मला परत दिला. "हे आता तुमच्याकडं, मॅडम."

पुढं दोन वर्षं ते होते. रोज संध्याकाळी मी दारात चपला काढायचे आणि ते खुर्चीत सावरून बसायचे.

"मॅडम, ती पोरगी आली का शाळेतून?"

"हाव, आली."

"जेवली का?"

"जेवली."

"बरं," म्हणायचे, आणि तरी दाराकडंच बघत राहायचे.