काचेच्या हॉटेलातला टॉवेल

ठोक्याने आपल्या धाकट्या बहिणीचा लपायचा पत्ता तिच्या नवऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगून टाकला, आणि तोही कुणी न विचारता.

झालं असं, की शुक्रवारी सकाळी मेहुणा आपली टॅक्सी घेऊन गॅरेजवर आला. मागच्या दाराला पोचा पडला होता. पोचे काढणं हा ठोक्याचा धंदा. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी चालवायची, की पत्रा मुकाट्याने जागेवर येतो. पण मेहुणा पोचा काढायला आलाच नव्हता. काच खाली करून तो अगदी गोडीत म्हणाला, की बायको घर सोडून गेली, आता कुणाच्या पायरीवर पडली असेल कोण जाणे, दोन घास तरी मिळतात का बिचारीला. एवढ्यावर शहाणा माणूस खाली बघून काम करत राहिला असता.

"पायरीवर?" ठोक्या म्हणाला. "पेंटरच्या मावशीकडे गादीवर झोपते ती. तुझ्या सात पिढ्यांनी बघितली नसेल अशी गादी."

मागे स्प्रे-गन घेऊन उभ्या असलेल्या पेंटरने डोळे मिटून घेतले. पेंटर म्हणजे ठोक्याचा भागीदार, आणि त्याला मावशी एकच होती. मेहुण्याने काच वर केली आणि पोच्यासकट निघून गेला.

स्कूटरवरून दोघं पोहोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. दाराची कडी चौकटीतून उखडली होती. बहात्तर वर्षांची मावशी जिन्यात बसून डाव्या हाताने उजवं मनगट धरून होती. तिने काठीने मेहुण्याच्या नडगीवर दोन रट्टे दिले होते आणि त्याचा हिशेब त्याने तिला भिंतीवर ढकलून चुकता केला होता. धाकटीला केसांना धरून त्याने तीन पायऱ्या खाली ओढलं. ती निसटून वर पळाली आणि न्हाणीघरात शिरून तिने कडी लावली. त्या दाराची खालची फळी लाथांनी फुटली होती. फटीतून हात घालून तो तिचा घोटा पकडू बघत होता, तेवढ्यात शेजारी जमले. मग शर्ट झटकून तो खाली उतरला आणि जाता जाता सगळ्यांना सांगून गेला, की घरगुती मामला आहे.

पायऱ्यांवर मूठभर केस पडले होते. ठोक्याने ते गोळा केले. कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून पँटच्या खिशात घातले.

आता ठोक्याला कुणी गरीब गाय समजू नये. त्याचा बाप पत्र्याच्या पेट्या करायचा, आणि पेट्या ठोकून राग उरला तर तो मुलाच्या पाठीवर संपवायचा. मुलाने तोच धंदा उचलला आणि रागही. भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दिशेने हातोडी भिरकावणं हे ठोक्याच्या गॅरेजात बिल देण्यासारखंच नेहमीचं होतं. एकदा ती एका हेडमास्तरांच्या कानाजवळून गेली. मास्तरांनी पूर्ण पैसे दिले आणि वर आभार मानले. अकरा वर्षांपूर्वी धाकटीने या टॅक्सीवाल्याशीच लग्न करायचं म्हटलं, तेव्हा उत्तर म्हणून ठोक्याने तिच्या थोबाडीत मारली होती. ती त्याच आठवड्यात लग्न करून गेली. गेल्या वर्षी मेहुण्याने तिचा हात मोडला आणि ठोक्याने जाऊन त्याचं नाक फोडलं. त्या नाकाने सगळा घोळ केला. धाकटीने मारहाणीची केस केली, तेव्हा मेहुण्याच्या वकिलाने कोर्टात लिहून दिलं, की मारहाण होते ती माहेरी, भाऊच मारकुटा आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे.

धाकटीची साक्ष सोमवारी होती. मावशीला प्लास्टर घालून, पोलिसांत तक्रार लिहून, दुपारी धाकटीच्या वकीलबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. तीन रात्री धाकटी त्याच्या हाती लागता कामा नये. आणि ठोक्याचा हात कुणावर उठता कामा नये.

प्रश्न होता जायचं कुठे. नातेवाइकांची घरं मेहुण्याला पाठ होती. लॉज म्हणावं तर पंधरा वर्षं तो प्रत्येक लॉजवर गिऱ्हाईक पोहोचवत होता; काउंटरवरचा प्रत्येक जण त्याचा मिंधा. तेव्हा पेंटरला सुचलं, की टॅक्सीवाल्याला दाराच्या आत घेत नाहीत अशीच जागा हवी. म्हणजे चांगलं पाच तारे लावलेलं हॉटेल. परवडायचं कसं? तर फोनवर बोली लावून. रिकाम्या राहिलेल्या खोल्या ही हॉटेलं गुपचूप स्वस्तात काढतात. आपण भाग निवडायचा, आपला भाव सांगायचा. कुणी घेतला तर पैसे लगेच कापले जातात आणि मगच हॉटेलचं नाव दिसतं. परत मिळत नाहीत.

"म्हणजे डोळे बांधून जुनी गाडी घ्यायची," ठोक्या म्हणाला. पण भाव करायचा आहे म्हटल्यावर त्याच्या अंगात आलं.

गॅरेजच्या मागच्या खोलीत रंगाच्या डब्यांवर तिघं बसली. धाकटी फुटलेल्या ओठावर बर्फाचं फडकं धरून होती. पेंटरने कोर्टाजवळचा भाग निवडला आणि सुचवलं, की रात्रीचे सहा हजार तरी टाकू. ठोक्याने साडेचार टाकायला लावले. फोनने नकार दिला. त्याच भागात पुन्हा बोली लावायला एक दिवस थांबायचं, नाहीतर आणखी एक भाग जोडायचा, असा नियम होता. पेंटरने काकुळतीने सांगितलं, की भाव वाढवा. ठोक्याने दोनशे वाढवले आणि बागेकडचा भाग जोडला. जो पहिल्या फटक्यात वर चढतो तो भंगार सोन्याच्या भावाने घेतो, हे त्याचं ब्रीद होतं, आणि समोर भंगारवाला नसून फोन आहे म्हणून ते बदलायचं त्याला कारण दिसेना. पुन्हा नकार. आता उरला स्टेशनकडचा भाग.

पेंटर म्हणाला, "मिस्त्री, ती बाजू त्याची आहे."

ठोक्याचं म्हणणं, तिकडे सहा मोठी हॉटेलं आहेत, नेमकं तेच कशाला लागतंय. बोली लागली. पाच हजारांना भाव पटला, पैसे कापले गेले, आणि पडद्यावर एक परदेशी नाव आलं. दोघांनी ते दोनदा वाचलं. काही अर्थ लागेना. मग खाली फोटो उघडला. धाकटीने मान पुढे केली.

"हे काचेचं हॉटेल," ती म्हणाली. "याच्याच दारात त्याची टॅक्सी उभी असते."

गावात त्या इमारतीचं खरं नाव कुणी कधी घेतलंच नव्हतं. ठोक्या उठला आणि त्याने फळीवरून दोन किलोची हातोडी काढली.

"ठेव ती," धाकटी म्हणाली. "दादा, ऐक. इतके दिवस तो कधी येईल हेच कळत नव्हतं. तिथे निदान तो कुठे आहे हे तरी दिसेल. तुझे हात मात्र सोमवारपर्यंत खिशात. तू एक जरी मारलीस ना, तर माझा मोडलेला हात तुझ्या नावावर चढेल."

मागच्या फाटकातून न्यावं असं पेंटरला वाटत होतं. ती म्हणाली, तिथे टॅक्सीवाले नोकरांबरोबर चहा पितात. पुढच्या दारावर दारवान आहे आणि कॅमेरा आहे. हातोडी फळीवर परत गेली.

साडेचारच्या उन्हात हॉटेलच्या काचा डोळ्यांत घुसत होत्या. टॅक्सींच्या रांगेत मेहुणा तिसरा होता, बॉनेटवर बसून सिगरेट ओढत. दार वीस पावलांवर. धाकटी धावली नाही, पिशवी खांद्याला लावून सरळ चालत राहिली. मेहुण्याने तिला पाहिलं, सिगरेट टाकली आणि झेपावला. मध्ये ठोक्या आला; हात खिशात, छाती पुढे, बागेत फिरायला आल्यासारखा.

पहिला ठोसा कानशिलावर बसला. दुसरा तोंडावर, त्यात पुढचा दात गेला.

"हात काढ," मेहुणा म्हणाला. "काढ ना. एवढा पैलवान तू."

ठोक्याने उजव्या खिशात मूठ आवळली. मुठीत केस होते. मेहुणा डावीकडून निघाला की हा डावीकडे सरके, उजवीकडून निघाला की उजवीकडे. पोटात गुडघा बसला तेव्हा तो वाकला, पण वाट सोडली नाही. मग मेहुण्याने डिकीतून टायर काढायची टॉमी आणली. पहिला फटका खांद्यावर पडला. दुसरा बरगडीवर. आयुष्यभर पत्र्याचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला आवाजावरून कळतं काय गेलं ते. पत्रा वाजतो, हाड ओल्या फळीसारखं मोडतं. दोन गेल्या, असं ठोक्याने मनाशी मोजलं. गुडघ्यांवर येऊनही त्याने मेहुण्याच्या पायांत आपलं डोकं घातलं, बैल घालतो तसं, आणि त्याला अडवून धरलं. मेहुण्याचा बूट दोनदा त्याच्या मानेवर आला. मागे फिरत्या दाराजवळ धाकटी थबकली होती. रक्ताच्या गुळणीतून ठोक्या एवढंच म्हणाला, "आत जा." दार एकदा फिरलं.

त्यानंतर लांब कोटातला दारवान आणि दोन टॅक्सीवाले धावले. तिघांनी टॉमीचा हात पिरगाळला. पोलीस आले, मेहुण्याला घेऊन गेले. दारवानाने आतून जाड पांढरा टॉवेल आणून ठोक्याच्या डोक्याला दाबून धरला आणि हळूच सांगितलं, की हा माझ्या नावावर लिहून घेतलाय, धुऊन आणून द्या, नाहीतर मला बोलणी बसतील. ठोक्याने मान हलवली. हात तेव्हाही खिशातच होते. मूठ उघड, असं शेवटी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बोटं सुटली.

सोमवारी मेहुण्याच्या वकिलाने भावाच्या मारकुटेपणाची गोष्ट काढली, तेव्हा वकीलबाईंनी दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. खोलीभर लोकांनी दीड मिनिट एका माणसाला मार खाताना पाहिलं. न्यायाधीशांनी विचारलं, हात बाहेर का काढले नाहीत?

"थंडी होती, साहेब," ठोक्या म्हणाला.

मग धाकटी बोलली, पाऊण तास, कुठेही न अडखळता. मेहुणा आत गेला तो अजून आतच आहे. ती आता पेंटरच्या मावशीच्या वरच्या खोलीत राहते. मावशीचं मनगट वाकडंच बसलं, त्याबद्दल मावशी ठोक्याला रोज एक शिवी देते आणि तो ती घेतो.

राहिला टॉवेल. ठोक्याने तो चार वेळा धुतला, एकदा तर थिनर लावून. कागदात गुंडाळून हातोड्यांच्या फळीवर ठेवला आहे. वर्ष झालं. पेंटर म्हणतो, मिस्त्री, त्या दारवानाची नोकरी गेली असेल तुमच्यापायी. गेल्या महिन्यात ठोक्या खरोखरच गेला, टॅक्सींच्या रांगेपर्यंत, पुडकं काखेत मारून. नोकरी गेली नव्हती. त्याच दारवानाने त्याला ओळखलं आणि लांबूनच सलाम करायला हात वर केला. तो वर गेलेला हात दिसला मात्र, ठोक्याचे दोन्ही हात आपसूक खिशात गेले. काढावेत म्हटलं तरी निघेनात. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला, मग पुडक्यासकट गॅरेजवर परत आला.